नऊ दिवस ती झुरळं माझ्याकडे होती

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. फोटो झुरळाचा होता. पहिला रिप्लाय काकांचा, "सकाळी सकाळी काय हे", मग मावसबहिणीचे ओकारीचे सात इमोजी. मी खाली नीट लिहिलं की अहो हे गुहेत राहणारं झुरळ आहे, निसर्गात आता एकही उरलेलं नाही, जी काही आहेत ती लोकांनी पाळलेली, डब्यांमध्ये. त्यावर दादा म्हणतो, "संपली ना? सुंठीवाचून खोकला गेला." आणि सगळे हसले. वाघाचा बछडा मेल्याची बातमी आली की हेच सगळे हात जोडतात, रडतात. मग हा जीव नाही का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पश्चिम आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे, तिथे सिमांदू नावाची डोंगररांग आहे, आणि त्या रांगेतल्या एका गुहेत, हो, एकाच गुहेत, हे झुरळ राहायचं. वटवाघळांची विष्ठा खाऊन, अंधारात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. २००४ मध्ये लुई रॉथ आणि प्योत्र नास्क्रेत्स्की यांनी त्याची शास्त्रात पहिल्यांदा नोंद केली, नाव दिलं सिमांदोआ कॉन्सरफारियम. पण सिमांदू म्हणजे लोहखनिजाचा प्रचंड साठा, सगळ्या जगाचा डोळा त्याच्यावर. गुहा खाणकामात गेली. त्याआधी थोडी झुरळं बाहेर आणलेली होती, ती हौशी लोकांनी वाढवली, एकमेकांना दिली, म्हणून वंश टिकलाय. कुठल्या सरकारने वगैरे नाही, घरात शेल्फवर डबे ठेवणाऱ्या साध्या माणसांनी.

त्यातला एक माझा वरच्या मजल्यावरचा शेजारी. मागच्या हिवाळ्यात तो गावाला जाणार होता, इथे जर्मनीत कुत्र्यामांजरांना बघायला माणसं मिळतात पण झुरळांना कोण बघणार, म्हणून त्याने माझी बेल वाजवली. मी आधी नाहीच म्हणाले. सरळ नाही. मग तो म्हणाला, एकदा बघ तरी. म्हणून वर गेले.

पारदर्शक प्लास्टिकचा डबा, तळाला नारळाचा भुसा आणि वाळकी पानं, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. झाकण उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला, दुसरा कसलाही नाही. त्याने एक ट्रे हळूच उचलला आणि तिथे एक बसलेलं होतं, काळपट तपकिरी, चकचकीत, आणि अंगाच्या कडेने फिकट नारिंगी किनार, अगदी साडीला बारीक काठ असावा तशी. मिशा हलवत होतं. माझ्याकडे बघतंय असं वाटलं, खरं सांगते.

नऊ दिवस मी त्यांना सांभाळलं. रोज पाण्याचा फवारा, गाजराचा तुकडा, एक दिवसाआड माशांचं खाणं. सहाव्या दिवशी ट्रे उचलला तर एका मादीच्या पोटाखाली पांढरीशुभ्र पिल्लं, तांदळाच्या कणीएवढी, नुकतीच झालेली. ही झुरळं अंड्यांचा पुंजका पोटातच ठेवतात आणि जिवंत पिल्लं देतात. मी तिथेच फरशीवर बसून राहिले किती वेळ. त्यांचे आईबाप, आजीआजोबा, सगळे डब्यात जन्मलेले, गुहा कुणीच बघितलेली नाही.

आणि सातव्या दिवशी मी व्हॅक्युम क्लीनर लावायला डब्याखालच्या हीटिंग मॅटचा प्लग काढला आणि परत लावायला विसरले. रात्रभर. सकाळी दोन मेलेली होती. दोनच, शेजारी म्हणाला होतं असं, पण मला त्या दिवशी कामावर काही सुचलं नाही. वाघ जंगलात असतो, त्याच्या मागे जंगल उभं असतं. ह्यांच्या मागे एक प्लग आहे. माझ्यासारखी कुणी बाई विसरली की विषय संपला!

आता कुणी म्हणेल गिनी गरीब देश आहे, खाण आली तर रस्ते होतील, पोरांना काम मिळेल. बरोबर आहे, आणि लोखंड आपल्यालाही लागतंच. पण खणण्याआधी त्या गुहेत आत कोण आहे हे नीट बघायला कितीसा वेळ लागला असता?

आणि दादा, लांबचं वाटतंय ना तुला हे? आपल्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. राउटनचं वटवाघूळ म्हणून एक जात आहे, कित्येक वर्षं जगाला तिचा तेवढा एकच पत्ता माहीत होता. नंतर ती मेघालयात सापडली, कंबोडियात सापडली, नशीब. कोकणातल्या सड्यांना, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांना, कागदोपत्री पडीक म्हणतात आणि तिथे चिरेखाण काढतात, त्या कातळाच्या भेगांत काय काय राहतं ते मोजलंय कुणी? तिथे काय संपलं ते आपल्याला कळणारसुद्धा नाही, ह्या झुरळाला निदान नाव तरी मिळालं.

किचनमधलं झुरळ मलाही नको असतं, मान्य. पण जगात झुरळांच्या साडेचार हजारांच्या आसपास जाती आहेत, माणसाच्या घरात घुसणाऱ्या त्यातल्या जेमतेम तीसेक. बाकीच्यांनी आपलं काय वाकडं केलंय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. काका, तुमच्यावर नाही चिडले मी, तुम्ही लहानपणी माडीवर वटवाघूळ शिरलं होतं तेव्हा दिवा मालवून खिडकी उघडली होती, मारलं नव्हतं, ते माझ्या लक्षात आहे.

शेजारी पुढच्या आठवड्यात परत गावाला जातोय, डबा माझ्याकडेच असणार. या वेळी प्लगवर लाल चिकटपट्टी लावलीये. ज्याला बघायचीत त्याने रात्री व्हिडिओ कॉल करा, दिवसा ती बाहेर येत नाहीत.