एका झाडामागे दहा

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडावीत की नाही, यावरून 2025 च्या अखेरीस नाशिकमध्ये पेटलेला वाद मी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात बसून वाचत होतो. “एका झाडामागे दहा लावू म्हणतात, दादा,” असे धाकट्या भावाने फोनवर सांगितले. त्याच आठवड्यात आम्ही येथील डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलो, आणि तो दहाचा हिशेब तेथे काही केल्या जुळेना.

1939 साली सुरू झालेल्या या उद्यानात सोनोरन वाळवंटातील मूळच्या वनस्पती जपल्या आहेत. त्यांतला मानकरी सग्वारो. हा निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो, त्याला फांदी फुटायला बहुधा पन्नासहून अधिक वर्षे लागतात, आणि कोवळेपणी ऊन व थंडी या दोहोंपासून बचाव व्हावा म्हणून त्याला पालो वर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडाचा आडोसा लागतो. दीडशे वर्षांच्या सग्वारोच्या बदल्यात दहा रोपे लावलीही, तरी त्यांची दाई कोठून आणायची? साधूंची सोय व्हायलाच हवी. माझा आक्षेप वय न मोजणाऱ्या हिशेबाला आहे.

मेस्कीटपाशी मात्र मी थबकलो. आपल्या कोरडवाहू भागात माजलेली वेडी बाभूळ ही त्याचीच चुलत बहीण. येथे मेस्कीटच्या शेंगांवर प्राणी पोसले जातात, तर तेथे ती गवत आणि बोरी-हिवरांना मागे रेटते. फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातलाच. (बांधावरचा त्रिधारी निवडुंग आपला खरा, पण तो शेराच्या कुळातला.) तेव्हा किती झाडे लावणार, याच्याआधी कोणती आणि कोठे, हे विचारायला हवे.

येथील लोक फार शहाणे आहेत, असे नव्हे. वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात हिरवीगार गोल्फ मैदाने आहेत. उलट नाशिककरांनी फाशीच्या डोंगरावर स्थानिक वृक्षांची देवराई उभी केली आहे. पण येवल्याकडचा गवताळ, काटेरी माळ आपल्या लेखी अजून पडीकच.

पुढच्या खेपेला मला त्याच येवल्याकडच्या ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्रात ने, असे मी भावाला म्हटले. “तिथे काटेरी झुडपांशिवाय काय आहे?” असे त्याने विचारले. त्या झुडपांपैकी पाच-सहापलीकडे मलाही ओळखता येत नाहीत, हे मी त्याला सांगितले नाही.