मेळात त्याला ढोल द्या

आज देवळात कानावर आलं, यंदाच्या शिगम्याला माझ्या शेजारणीच्या मुलाने रोमटामेळात, म्हणजे गावच्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ढोल वाजवायचा नाही. का, तर "तो कोकेनवाला". डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

हरमलच्या बाजूला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, कामाला होता, तिथेच व्यसन लागलं. व्यसनमुक्ती केंद्रातून आत्ताच घरी आलाय. लोक म्हणतात, मनाचा निग्रह नाही. निग्रह? डोपामिन म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन; काम झालं की ते परत आत ओढून घ्यायची मेंदूची सोयच कोकेन अडवतं, सुखाची लाट ओसरतच नाही. कळ दाबली की रक्तात कोकेन, आणि हवं तेवढं, असं उंदरांना मोकळं सोडलं तेव्हा ते खंगत गेले. १९८५ साली छापून आलेल्या प्रयोगात ९० टक्के उंदीर महिनाभरात मेले. त्यांनाही निग्रह शिकवणार का?

पण पुढचंही ऐका ना. २००७ साली फ्रान्समध्ये सेर्ज अहमद यांच्या गटाने उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या, एक कोकेनची, एक सॅकरिनच्या गोड पाण्याची. ९४ टक्के उंदीर गोड पाण्याकडे वळले. २०१८ साली अमेरिकेत मार्को वेनिरो आणि याव्हिन शहाम यांनी नशा की सोबती, असं निवडायला लावलं. मेथॅम्फेटामिन आणि हेरॉइन या नशांना चटावलेले उंदीरसुद्धा सोबत्याकडे गेले!

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, मान्य. पोराने आईच्या पाटल्या विकल्या, तेही खरं.

काल आमच्या बलकांवात, दारापुढच्या पडवीत, बसला होता, तिथल्या सोप्यावर, म्हणजे बाकावर, बोटांनी ताल धरून. तालमीला जात नाहीस रे, विचारलं. म्हणाला, "मावशी, बोलावलं नाही." आणखी काही बोलला नाही. आईने त्याच्यासाठी पांढरा सदरा धुवून ठेवलाय, तिला काय सांगायचं?

केंद्रातून आला म्हणजे सुटला असं होत नाही. २००१ सालच्या एका प्रयोगात उंदरांचं कोकेन बंद केलं, आणि कोकेनसोबत लागणारा दिवा नि आवाज मधूनमधून पुन्हा दाखवला. ओढ कमी व्हायची सोडून पुढचे दोन महिने वाढतच गेली. म्हणजे या पोराचे अवघड दिवस आत्ताच आहेत. मेळ नाही, तर संध्याकाळी तो जाईल कुठे? जुने मित्र तर एका फोनवर येतील.

कमिटीतल्या दादांनो, उद्याच्या तालमीआधी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बोलावणं करा. मी म्हटलं तर तो येणार नाही, तुम्ही म्हटलं तर येईल.