कावळ्यांच्या सातबाऱ्यावर माझं नाव

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत मी रोज सकाळी हेल्मेट घालून दूध आणायला जातो. पायी. डेअरी शंभर पावलांवर आहे. नाशकात हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळेना, तेव्हा नाइलाजाने घेतलेलं हे हेल्मेट गाडीवर जेवढं चढलं नसेल, तेवढं बदामाच्या झाडाखाली चढलंय. डेअरीवाला सुरुवातीला "गाडी कुठं लावली, काका?" असं विचारायचा. आता तोही विचारत नाही.

हे सगळं परोपकारातून झालं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात फाटकापाशी कावळ्याचं पिल्लू पडलं होतं आणि कॉलनीतलं मांजर हातभर अंतरावर, पानावर बसल्यासारखं बसलं होतं. मी पिल्लू रुमालात उचललं आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. एवढंच. पण वरून बघणाऱ्या आईबापांना मांजर दिसलंच नाही, रुमाल दिसला. पुढच्याच क्षणी टाळक्यात टपली बसली. कावळा समोरून येत नाही. मागून येतो, टपली देतो आणि तारेवर बसून चारचौघांना आपली बाजू सांगतो.

त्या दिवसापासून बायको, शेजारचे नाना, पेपरवाला, सगळे त्या झाडाखालून खुशाल जातात. टपली फक्त मला. मला सगळे कावळे सारखेच दिसतात, त्यांना मी मात्र गर्दीतून ओळखू येतो. बायकोचा स्कार्फ स्कूटीवरच्या पोरींसारखा डोळ्यांपर्यंत गुंडाळून पाहिला. कावळे फसले, पण समोरच्या बंगल्यातल्या काकू फसल्या नाहीत. म्हणून हेल्मेट. तेही काच वर करून, कारण चष्म्यावर वाफ धरते. म्हणजे चेहरा उघडाच. ते ओळखतात, मारतात, फक्त लागत नाही.

मेहुण्याला हे सांगितलं तर तो हरखलाच. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे आणि पक्षी बघायचा नाद आहे. "दाजी, तुमच्यावर प्रयोग होऊन गेलाय!" म्हणाला. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी अडकवली आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर ओरडायचे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. त्यांच्याकडे कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. खरी गंमत पुढे आहे. ओरडणारे कावळे वर्षागणिक वाढत गेले. एकदा तर वाटेत भेटलेल्या ५३ पैकी ४७ कावळ्यांनी मुखवट्याला शिव्या घातल्या. पकडले होते सातच. बाकीच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून आणि पिल्लांनी आईबापांचं बघून शत्रू पाठ केला होता.

ती जात आपल्या गावकावळ्याहून वेगळी, पण माझं टाळकं म्हणतं, शाळा एकच. कारण यंदाच्या जूनमध्ये माझ्यावर किंचाळणाऱ्या एका कावळ्याच्या तोंडाचा आतला गुलाबी रंगही अजून गेला नव्हता. (हे दिसावं इतक्या जवळून तो किंचाळत होता.) म्हणजे रुमालाच्या वेळी हा अंड्यातसुद्धा नव्हता! आमच्या वडिलांच्या जमिनीवर आम्हा भावांची वारसनोंद नऊ वर्षं अडकून पडली आहे. कावळ्यांकडे ना तलाठी, ना नोटीस, तरी दोन वर्षांत पुढच्या पिढीच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, बोजा म्हणून माझं नाव चढलं.

सगळ्याच पाखरांनी माणसाला असं भ्यावं किंवा झोडपावं, असंही नाही. १८३५ साली गॅलापागोस बेटांवर डार्विनने झाडावरचा ससाणा बंदुकीच्या नळीने ढोसून फांदीवरून खाली ढकलला होता. तिथल्या पाखरांना माणूस ही काय चीज आहे, हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. माणसाची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरते आणि मग रक्तातच उतरते, असं त्याने पुढे मांडलं. नांदूर मध्यमेश्वरला मेहुण्याबरोबर गेलो, तर गाडीचं दार उघडल्याच्या आवाजाने अख्खा चक्रवाकांचा थवा उठला. त्याच बांधावरून सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन गेलेल्या माणसाकडे मात्र त्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं. मेहुण्याच्या बागेतल्या साळुंक्या तर तिसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसून द्राक्षं खातात. आणि आमच्या बाल्कनीतलं कबूतर! मूळचं कड्याकपारीतलं, पण मी झाडू उगारला तर ते जरा सरकून झाडूला जागा देतं.

यंदा पितृपक्षात खरी परीक्षा झाली. वडिलांच्या तिथीला गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. शेजारच्या गच्चीवरचं पान दोन मिनिटांत साफ झालं. आमच्याकडे टाकीवर पाच कावळे रांगेत बसले आणि पानाकडे न बघता माझ्याकडे बघून कोकलू लागले. वडिलांचं काहीतरी मनात राहिलंय, असं समजून मी हात जोडले. "नातवाचं लग्न वेळेवर करू." कोकलणं चालूच. "तुमची सायकल भंगारात देणार नाही." काही नाही. शेवटी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा म्हणालो, "बरं, धाकट्याला विहिरीकडचा तुकडा देतो. सह्या करून टाकतो."

तरीही कावळे जागचे हलेनात.

"अहो, तुम्ही आधी खाली जा बघू," बायको म्हणाली.

मी जिन्यात जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं. माझी पाठ वळायचा अवकाश, एकाने वडा उचलला, दुसऱ्याने खिरीत चोच घातली.

"बघा, बाबांचं काही राहिलं नव्हतं," बायको खाली येत म्हणाली. "तुम्ही तेवढे समोर नको होतात."

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. विहिरीकडच्या तुकड्याच्या सह्यांना कधी येऊ, विचारत होता. त्याला कुणी सांगितलं, म्हणून मी बायकोकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर, बदामाकडे बोट दाखवलं.