सेकंद मोजता येत नसेल, तर टायमर कशाला?

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीत, उलटी गणती करणारे टायमर लिहिणारे लोक एक मूलभूत गोष्ट अजूनही मनावर घेत नाहीत, याचा मला खरोखर संताप येतो. कोणताही नवा टायमर उघडून पाहावा, तर आत तेच असते: एक लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञा), त्यात ‘स्लीप १’, म्हणजे एक सेकंद थांबण्याची आज्ञा, आणि प्रत्येक फेरीला आकड्यातून एक वजा. ‘स्लीप’ ही आज्ञा किमान तेवढा वेळ थांबण्याची हमी देते, नेमका तेवढाच थांबण्याची नव्हे. शिवाय दर फेरीला आकडा छापण्यात आणि ‘स्लीप’ हा छोटा प्रोग्रॅम नव्याने सुरू करण्यात जाणारा वेळ त्यात साचत राहतो, त्यामुळे २५ मिनिटांचा टायमर हमखास उशिरा संपतो. वास्तविक सुरुवातीलाच संपण्याची वेळ ठरवून प्रत्येक फेरीला घड्याळाकडे पाहून उरलेला वेळ काढला, की हा दोष राहत नाही. मात्र घड्याळही विचारपूर्वक निवडावे लागते, कारण लिनक्सवरील ‘क्लॉक मोनोटॉनिक’ हे कधीही मागे न जाणारे घड्याळ संगणक सस्पेंड झाला (झोपी गेला) की थांबते आणि तो काळही मोजायचा असेल तर ‘क्लॉक बूटटाइम’ वापरावे लागते. मोठे रंगीत आकडे काढण्यात मात्र कोणीही कसूर करत नाही! त्यातच कंट्रोल-सी दाबून मध्येच बाहेर पडावे, तर यांनी लपवलेला कर्सर परत येत नाही. तो परत आणण्यासाठी ‘रीसेट’ ही आज्ञा टाइप करण्याचे काम वापरणाऱ्याने का करावे?