जलालाबाद एकट्या १३व्या पलटणीने राखले नाही

पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात अफगाणांनी जलालाबादेत इंग्रजांच्या फौजेला वेढले होते. त्यावरच्या एका लेखातले ‘१३व्या लाइट इन्फन्ट्रीने एकटीने जलालाबाद लढवले आणि पोलॉकच्या फौजेने वेढा फोडला’ हे वाक्य दोन्ही अंगांनी चूक आहे. तिथला इंग्रज सेनापती सेल याच्या शिबंदीत ३५वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीही होती. १९ फेब्रुवारी १८४२च्या भूकंपात तटबंदी ढासळली, ती पुन्हा उभारली ब्रॉडफूट या अधिकाऱ्याच्या सॅपर्सनी (खंदक-तटबंदीची कामे करणाऱ्या सैनिकांनी) आणि या दोन्ही पलटणींनी मिळून. एप्रिलच्या सुरुवातीला शत्रूच्या मेंढ्या पकडून आणल्या, तेव्हा ३५व्याच्या शिपायांनी आपला वाटा १३व्याच्या गोऱ्या सैनिकांना दिला. हे मात्र फारसे कुणी लिहीत नाही!

७ एप्रिलला डेनी, मॉन्टीथ आणि हॅवलॉक या अधिकाऱ्यांच्या हाताखाली तीन तुकड्या बाहेर पडल्या. डेनी पडला, पण वेढा घालणाऱ्या अकबरखानाची छावणी उधळली, म्हणजे वेढा शिबंदीनेच फोडला. मदतीची फौज घेऊन पोलॉक पोहोचला त्यानंतर, १६ एप्रिलला. १३व्या पलटणीची वारस सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवेवरून मायदेशी गेली, तेही लेखात हवे होते.