जाहिरात होतीच, आणि तीही फसलेली

‘मोबाईल सूट गंडम’ या यंत्रमानवांच्या युद्धावरच्या जुन्या जपानी ॲनिमेशन मालिकेबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मालिका म्हणजे खेळणी खपवायला केलेली अर्ध्या तासाची जाहिरात, चित्रं धड हलत नाहीत, तीच तीच दृश्यं येत राहतात, संगणकावर केलेल्या आजच्या रोबोंपुढे ती केविलवाणी दिसते, आणि मी लिहिलंय ते निव्वळ बालपणीच्या आठवणींचे कढ आहेत.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागायचं. तीही जपानी मालिकाच, आणि तिच्याबद्दल मी हळवा आहे, कबूल. गंडमशी तसला काही ऋणानुबंध नाही. ती मी नोकरीला लागल्यावर पाहायला घेतली, कंटाळून मध्येच सोडली, आणि आत्ता कुठे पूर्ण पाहिली.

जाहिरात म्हणाल तर अलबत! 1979च्या एप्रिलमध्ये मालिका सुरू झाली तेव्हा पैसा क्लोव्हर या खेळण्यांच्या कंपनीचा होता. उत्तरार्धात जी-आर्मर नावाचं धूड गंडमला, म्हणजे नायकाच्या यंत्रमानवाला, येऊन चिकटतं, तेही दुकानात मांडण्यासाठीच. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी पुढे याच मालिकेचे चित्रपट केले, तेव्हा ते सरळ काढून टाकलं. पण गंमत अशी की ही जाहिरात आपटली. प्रेक्षक कमी, खेळणी पडून, 52 भागांचा बेत 43 भागांत गुंडाळला आणि जानेवारी 1980मध्ये पडदा पडला. लोकांना ती खरी सापडली पुनःप्रक्षेपणात. त्याच वर्षी जुलैत बंदाई या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने सुटे भाग जोडून उभा करायचा प्लास्टिकचा गंडम 300 येनांना काढला आणि त्यावर उड्या पडल्या. पोरांनी शत्रूपक्षाचे यंत्रमानव, म्हणजे झाकूही तितक्याच हौसेने घेतले. आता तुम्हीच सांगा, खलनायकाचं यंत्र पदरचे पैसे घालून कपाटावर का ठेवावंसं वाटतं? त्यात बसलेल्या माणसाशी मालिकेने तुमची ओळख करून दिलेली असते म्हणून.

चित्रांकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. सेकंदाला चौकटी 24. एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवलं की सेकंदाचं काम आठ चित्रांत भागतं. ही काटकसर चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन या स्टुडिओने 1963च्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून रुळवली. तोमिनो त्याच मुशीत तयार झाले, आणि गंडम बनवणारी सनराइज उभी करणारेही तिथूनच बाहेर पडलेले. तेव्हा चित्रं कमी पडणार हे या मंडळींनी धरूनच चालायचं. प्रश्न एवढाच, की न हलणाऱ्या चित्राकडून काम कसं करून घ्यायचं.

चौदावा भाग घ्या. झिऑनचे, म्हणजे शत्रूपक्षाचे, काही तरुण सैनिक आघाडीवर कंटाळलेत, त्यांना घरी जायचंय. काहीतरी मोठा पराक्रम करावा म्हणून ते गंडमवर ठिकठिकाणी टाइमबाँब चिकटवून पसार होतात. गंडम चालवणारा आमुरो हाताने ते एकेक काढायला लागतो. बस्स, भाग एवढाच. अठरा मीटरचा यंत्रमानव ढिम्म उभा आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने सगळ्यात स्वस्त चित्र, आणि त्याच्या अंगावर एक पोरगा लोंबकळतोय. लांबून ते सैनिक दुर्बिणीतून पाहताहेत, आणि हळूहळू त्यांनाच त्या पोराची काळजी वाटू लागते. सगळं निभावल्यावर हे बहाद्दर साधे कपडे करून, गावातली मुलं असल्याचं भासवत त्याला भेटायला येतात, तोंडभरून कौतुक करून निघून जातात. हा भाग भपकेबाज हालचालींनी भरला असता तर घामाघूम होण्याऐवजी मी फोन चाळला असता.

पंधराव्या भागाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. झिऑनचं सैन्य सोडून पळालेल्या कुकुरुस दोआनच्या बेटाचा तो भाग इतका बेढब काढलाय की झाकूचं तोंड लांबोडकं होऊन भलतंच काहीतरी दिसतं. अमेरिकेतल्या आवृत्तीतून तो गाळलाच आहे. पण पुढचं ऐका. मालिकेतली पात्रं ज्यांनी रेखाटली, त्या योशिकाझू यासुहिको यांनीच 2022मध्ये त्या एका भागाचा अख्खा चित्रपट केला, आणि त्यातली यंत्रं तुम्हाला आवडतात तशी संगणकावरची आहेत. देखणा आहे, जरूर पाहा. वाईट रेखाटलेल्या वीस-बावीस मिनिटांत चाळीसेक वर्षांनी परत जावंसं वाटावं असं काही होतं, एवढं तरी मान्य करा.

‘त्यापेक्षा तीन चित्रपटच पाहावेत’ ही तुमची सूचना अर्धी पटते. मालिका संपत आली तेव्हा यासुहिको आजारी पडून रुग्णालयात होते, ते चित्रांत दिसतं. 1982च्या तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी बरंच नव्याने काढलं आणि तो मालिकेपेक्षा सरस झालाय. पण 43 भागांचे तीन चित्रपट करायचे म्हटल्यावर आडवळणाच्या गोष्टींना कात्री लागणारच. दोआनला तिथे जागाच नाही. मला मालिका आवडते ती या आडवळणांसाठी, युद्धाचा नकाशा बाजूला ठेवून कुणातरी फुटकळ माणसापाशी ती वेळ काढते म्हणून.

राहता राहिली पुनःपुन्हा येणारी दृश्यं. हवेत कोअर फायटर हे छोटं विमान दुमडून गंडमचा मधला भाग होतं, वर धड, खाली पाय, खटाखट जोडणी. तिथे मीही दृश्य पुढे पळवतो.