आखाडा पाडू नये, राहता करावा

औसा तालुक्यातील आमच्या शेतावर पणजोबांनी बांधलेला आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आणि घर, आहे. एका अंगाला बैलांची दावण, दुसऱ्या अंगाला दोन खणांची राहण्याची जागा, मधल्या भिंतीत ज्वारी साठवण्याचे बळद आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. बैल गेले, सालगडी गावात राहू लागले, आणि आता सागवानी खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून दगड बांधावर टाकावेत, असा विषय घरात निघाला आहे. मला हे मान्य नाही. हा आखाडा दुरुस्त करून पाहुण्यांना मुक्कामासाठी द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कारण ज्या वास्तूत माणूस झोपत नाही आणि चूल पेटत नाही, तिचे माळवद दोन-तीन पावसाळ्यांत गळू लागते.

थोरल्या काकांचा विरोध पैशापोटी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी स्वतः ढिगारे उपसले होते, आणि दगड-मातीच्या घरात परक्या माणसाला झोपवायचे म्हटले की त्यांचा आवाज बदलतो. त्यांची भीती खरी आहे. आपल्याकडच्या जाड भिंती बाहेरून एक दिसल्या, तरी आत-बाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसला, की हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात आणि माळवदाच्या मातीचे ओझे आणखी घात करते. त्याच भूकंपात कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या, पण खांब-तुळयांचे लाकडी खण उभे राहिले. म्हणून पहिला खर्च एसीवर किंवा रंगावर न करता भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड बसवणे, दारांच्या वरच्या पातळीवर सगळीकडून पट्टा बांधणे आणि माळवदाची वर्षानुवर्षे साचलेली माती कमी करणे यांवर झाला पाहिजे, आणि तोही संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली.

सिमेंटला मात्र माझा विरोध आहे. काही वर्षांपूर्वी एका गुत्तेदाराने उत्तरेकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. पुढच्या दोन पावसाळ्यांत तो फुगला. मी बोटाने उचकटला तेव्हा तळहाताएवढा पोपडा निघाला आणि मागची माती ओल्या गुळासारखी लागली. भिंतीला आतली ओल बाहेर टाकता आली पाहिजे. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले, त्यामुळे नोंदणीचा रस्ता आहे. तुळजापूरला दर्शनाला जाणारे, नळदुर्ग आणि खरोसा लेणी पाहणारे लोक याच भागातून जातात. त्यांना सिमेंटची झोपडी आणि प्लास्टिकची बैलगाडी दाखवण्यापेक्षा दावणीचे झिजलेले दगड दाखवावेत, आणि बळद बुजवून तिथे न्हाणीघर करू नये. त्याच्या तोंडातून आत हात घातला, तर कडुनिंबाचा वाळका पाला आजही हाताला लागतो.

काढणी उरकली की काकांना अभियंत्यासोबत त्या उत्तरेच्या भिंतीपाशी नेणार आहे. आरपार जोड कुठे बसवायचे, त्या जागांवर चुन्याच्या खुणा त्यांनीच कराव्यात, अशी माझी इच्छा आहे.